नसलेल्या कणाची आखाजी

वैशाख लागला की साक्रीकडच्या आमच्या गावात सकाळ फार लवकर संपते. आठ वाजायच्या आत गच्चीवरचं काम उरकलेलं असतं. ज्वारीच्या बिबड्यांचे ओले गोल कापडावर पसरलेले असतात, कुरडयांना ऊन लागू लागलेलं असतं, आणि बाया पदरानं कपाळ पुसत जिना उतरत असतात. मग गाव दारं लोटून घेतं. बाहेर राहतो तो कडुनिंबाचा कडवट वास आणि फांद्यांना बांधलेले झोके. वारा नसतानाही ते हलतात, असं मला लहानपणी वाटायचं. आताही वाटतं. फक्त आता मी ते कुणाला सांगत नाही.

बाकी महाराष्ट्राला ही अक्षय्य तृतीया, सोन्याच्या दुकानांची. आम्हाला ती आखाजी. या दिवशी लेकी माहेरी येतात, आणि गेलेली माणसंही येतात. लेकींसाठी झोका बांधतात, गेलेल्यांसाठी घागर भरतात.

यंदा नानांची पहिली घागर होती. भावानं बाजारातून लाल मातीची नवी घागर आणली. तिच्यावर छोटं मडकं, मडक्यावर खरबूज, शेजारी दोन आंबे आणि आईनं तळलेल्या सांजोऱ्या. उंबरठ्यावर कुंकवाचं एकेक बोट उठवत तो नावं घेत गेला. पणजोबा, आजोबा, आम्ही कधी न पाहिलेले दोन चुलत आजोबा. प्रत्येक नावामागे थोडं पाणी. नानांपाशी आल्यावर तो थांबला. वडिलांचं नाव त्याला माहीत होतं, रेशन कार्डावर शंभरदा वाचलेलं होतं, पण ते तोंडात बसत नव्हतं. आई आत चुलीपाशी होती. ती नवऱ्याचं नाव घेत नाही. शेवटी मी हळूच उच्चारलं. भावानं बोट टेकवलं. पाणी उंबरठ्यावरून घरंगळलं आणि बाहेरच्या धुळीत क्षणभर काळं दिसून नाहीसं झालं.

माझे वडील पानाड्या होते. जमिनीत पाणी कुठे लागेल ते सांगायचे. तळहातावर नारळ आडवा ठेवायचा, डोळे मिटायचे आणि अनवाणी वावर चालायचं. जिथे नारळ आपोआप उभा राहील तिथे खाली पाणी. नाना पायाळू, पायांकडून जन्मलेले, म्हणून त्यांच्या हाताला हा गुण आहे असं लोक मानत. आखाजीच्या आगेमागे त्यांचा हंगाम असे, कारण तेव्हा विहिरी तळाला गेलेल्या असत. पहाटे कुणीतरी मोटारसायकल घेऊन दारात उभा राही आणि नाना टोपी घालून मागे बसून जात. पैसे घेत नसत. नारळ तेवढा घरी आणत. त्यामुळे उन्हाळाभर आमच्या सगळ्या भाज्यांना खोबऱ्याची चव असायची, आणि मला वाटायचं, उन्हाळ्याचीच ती चव आहे.

त्यांच्यामागून मी पुष्कळदा चालले आहे. तापलेल्या ढेकळांतून, पायाखाली धसकटं चुकवत, त्यांच्या सावलीत पाऊल ठेवण्याचा प्रयत्न करत. शेताचा मालक, त्याची बायको, बांधावर दोन-चार माणसं, सगळे गप्प. एखाद्या ठिकाणी नानांची चाल मंदावायची. नारळ थरथरायचा, मग हळूहळू उभा राहायचा. तेव्हा बांधावरून जो श्वास सुटायचा तो मला अजून ऐकू येतो. नाना टाच जमिनीत दाबून खूण करायचे आणि म्हणायचे, "अठे शे." इथे आहे. त्यापुढे कुणी काही विचारायचं नाही.

माझं काम याच्या अगदी उलट्या टोकाचं आहे, असं मी बरीच वर्षं समजत होते.

परदेशात एका ठिकाणी जमिनीखाली मैलोगणती लांबीचा गोल बोगदा आहे. त्यात प्रोटॉनांचे दोन झोत समोरासमोरून आणून एकमेकांवर आदळवतात. त्या धडकेतून क्षणभरासाठी नवे कण जन्मतात आणि लगेच मोडतात. इतके लगेच, की त्यांना कुणी पाहिलं असं म्हणताच येत नाही. आपल्या हाती लागतात ते त्यांचे तुकडे. तुकडे कुठे गेले, किती जोरात गेले, यावरून मूळचा कण किती वजनाचा असावा याचा हिशोब करायचा, आणि असे कोट्यवधी हिशोब एका आलेखावर मांडायचे. आलेख बहुतेक वेळा नुसता उतरत जातो, आमच्या गावाबाहेरच्या माळासारखा. त्या उतारावर कुठे एखादं टेकाड दिसलं तर तिथे नवा कण असू शकतो. मी त्या टेकाडांच्या शोधात असलेल्या शेकडो माणसांपैकी एक.

हे नानांना सांगण्याचे मी दहा वर्षं प्रयत्न केले. एकदा म्हटलं, दोन मडकी एकमेकांवर आपटायची आणि खापऱ्यांवरून आत काय होतं ते ओळखायचं.

नाना म्हणाले, "मडकं फोडानी काय गरज? वाकीसन दखी ल्या ना."

वाकून बघण्याइतकं ते मडकं मोठं नसतं, हे सांगेपर्यंत फोनवरचं आमचं बोलणं संपलं होतं. पण बोगदा जमिनीखाली आहे, हे एक वाक्य मात्र त्यांनी पकडलं. त्यांना तेवढं पुरलं. पारावर कुणी विचारलं की लेक काय करते, तर ते सांगत, "मन्ही आंडेर बी जमीनखालेच दखस. मी पानी दखस, ती बारीक कन दखस. एवढाच फरक."

आणि गावानं ते तसंच घेतलं. मोठमोठ्या यंत्रांच्या देशातल्या लोकांनी आपल्या गावची मुलगी का बोलावली? तर गुण घराण्यातला. एका आखाजीला शेजारच्या काकूंनी मला खरोखरच विचारलं होतं, "तठे पानी लागत नई का वं, म्हनीसन तुले बलायं?" मी हसले. दुरुस्त केलं नाही. लोकांना भौतिकशास्त्र समजावून सांगण्याच्या कामात किती वेळा आपण असे हसून पुढे जातो, आणि ती सोडून दिलेली दुरुस्ती मागे कशी वाढत राहते, हे मला तेव्हा कळत नव्हतं.

दर रविवारी सकाळी फोन व्हायचा. आईशी पंधरा मिनिटं, मग नाना. त्यांचा प्रश्न एकच. "सापडनं का, माय?"

"अजून नई, नाना."

"सापडी. घाई नको करू."

वर्षानुवर्षं हे चाललं. मग एका हिवाळ्यात आमच्या आलेखावर खरंच एक टेकाड दिसू लागलं. लहानसं. आमच्याकडे शिस्त अशी की पक्कं होईपर्यंत बाहेर अवाक्षर काढायचं नाही. स्वतःला फसवू नये म्हणून आम्ही आलेखाचा तो भाग आधी झाकूनच ठेवतो, सगळे नियम ठरल्यावरच उघडतो. नाना डोळे मिटून चालत, आम्हीही आमच्या परीनं डोळे मिटूनच चालतो. पण उघडल्यावर जे दिसलं ते पाहून मला त्या रविवारी राहवलं नाही. "सापडनं का" या प्रश्नाला दहा वर्षं नाही म्हणून जीभ थकली होती. मी म्हणून गेले, "टेकाडसारखं काहीतरी दखाई राह्यनं, नाना."

 मग त्यांनी विचारलं, "कितला उच्च शे?"

गेल्या वर्षीची ती आखाजी मला आजही तुकड्यातुकड्यांनी आठवते, झोपेत ऐकलेल्या बोलण्यासारखी.

आधी जळगाव आठवतं. तिथल्या एका महाविद्यालयात माझं व्याख्यान होतं. पडद्यावर सुंदर चित्रं होती, रंगीत रेषांची कारंजी. पंखे गरम हवाच ढवळत होते. मी तासभर बोलले, टेकाडाविषयी अर्थातच काही नाही. शेवटी एका प्राध्यापकांनी "याचा सामान्य माणसाला उपयोग काय" असं विचारलं आणि मी नेहमीचं तयार उत्तर दिलं. टाळ्या झाल्या. बाहेर पडताना जाणवलं, की मी बोललेलं सगळं त्या सभागृहात चित्रांसारखंच भिंतीवर राहिलं. कुणाच्या अंगाला लागलं नाही.

मग धुळ्याची एसटी. एरंडोल गेलं, पारोळा यायचं होतं. खिडकीच्या कडेला हात लावला तर चटका बसत होता. बसमध्ये सगळे पेंगुळलेले. समोरच्या बाकावर एक माहेरवाशीण, मांडीवर झोपलेलं बाळ, बाळाच्या तोंडावर ओला पंचा. मला अशा वेळी एक खेळ खेळायची सवय आहे. आकाशातून येणारे कण सतत आपल्यातून आरपार जात असतात, बसच्या टपातून, पंचातून, बाळातून, खालच्या डांबरातून. कुणाला काही कळत नाही. मी डोळे मिटून ते मोजल्यासारखं करते. तेवढ्यात फोन वाजला. गटातल्या सहकाऱ्याचा निरोप होता. नवी मोजणी आलेखावर चढली होती. टेकाड विरलं होतं. त्यानं चित्रही पाठवलं होतं. गुळगुळीत उतार, बसच्या खिडकीतून दिसत होता तसाच.

मला वाईट वाटलं, पण फार नाही. असं होतं. आमच्या धंद्यात बहुतेक टेकाडं विरण्यासाठीच येतात.

वाईट वाटलं ते गावच्या फाट्यावर उतरल्यावर. तिथे फलक लावलेला होता. माझा जुना फोटो, आणि खाली मोठ्या अक्षरांत: नव्या कणाचा शोध लावणाऱ्या आमच्या गावच्या सुकन्येचं हार्दिक स्वागत. फलकाखाली नाना उभे होते. धुवट धोतर, इस्त्रीची टोपी. त्यांनी माझ्या हातातून पिशवी घेतली, फलकाकडे न बघता माझ्याकडे बघितलं, मी तो वाचला का एवढंच पाहण्यासाठी.

"नाना, एक सांगनं शे तुमले."

"संध्याकाये सांगजो. बठ्ठास्नासमोर." सगळ्यांसमोर.

घरी पोचल्यावर मी पुन्हा प्रयत्न केला. पण घर माणसांनी भरलेलं होतं. खापरावर पुरणपोळ्या भाजल्या जात होत्या, आंब्याच्या रसाचं पातेलं मोठ्या परातीनं झाकलेलं होतं. नाना एकेकाला दारापर्यंत सोडायला जात होते आणि परत येत होते. प्रत्येक वेळी मी तोंड उघडायचे आणि त्यांचा चेहरा बघून मिटायचे. आपल्या माणसाचा इतका उजळलेला चेहरा मी त्याआधी पाहिला नव्हता. आयुष्यभर त्यांनी दुसऱ्यांच्या शेतात "अठे शे" म्हटलं होतं. आता त्यांच्या घरातलं कुणीतरी तेच म्हणणार होतं, सगळ्या जगाला.

दुपार कलल्यावर मारुतीच्या पारापुढच्या मोठ्या निंबाखाली सतरंज्या अंथरल्या. आखाजीला आमच्याकडे पुरुषमाणसं दिवसभर पत्ते खेळतात. त्या दिवशी कुणी कुणाला नावं ठेवत नाही. सत्कारासाठी त्यांनी डाव थांबवले, पण पत्ते पालथे घालून गुडघ्याखाली धरून ठेवले, उठता क्षणी पुढे सुरू करता यावेत म्हणून. पलीकडच्या निंबाला झोके होते. मुली उभ्यानं झोका घेत होत्या आणि गौराईचं गाणं अर्धवट थांबवून इकडे बघत होत्या. शाल झाली. नारळ हातात द्यायला दगा आबा उठले. गावातले सगळ्यात जुने पत्तेवाले. नानांचे बालमित्र, आणि नानांना टोमणा मारायची एकही संधी न सोडणारे.

"हां पोरी, आते तू सांग. तुन्हा कन कितला मोठा शे?"

मी शाल सावरली. नाना पहिल्या रांगेत, गुडघ्यांवर हात ठेवून.

"आबा, तो सापडना नई."

 झोक्याची दोरी तेवढी करकरत होती.

"काल परोन वाटे शे म्हनीसन. आते नई."

दगा आबांनी हातातल्या नारळाकडे बघितलं. "मग हाऊ नारय कोनले देवाना?"

लोक हसले. त्या हसण्यानं मला थोडा धीर आला. जळगावातली सगळी चित्रं मी विसरले. समोर गुडघ्याखालचे पत्ते दिसत होते.

"आबा, तुमले एक डावमा तीन एक्का उनात तर काय म्हनशात?"

"म्हनसू, मारुती पावना."

"लगेच दुसरा डावमा बी तीन एक्का?"

"तर मग मी वाटनाराना हात धरसू!"

"आनि तिसरा टाइम?"

"हात धरसू कसाले, मोडसूच ना!" पुन्हा हशा.

"आम्ही बी तेच करतस, आबा. एक टाइम आमले चांगला पत्ता उना. आम्ही गाजावाजा करत नई, खेयतच ऱ्हातस. आखो डाव वाटात, तो पत्ता परत उना नई. म्हंजे पहिलांदा नुसता योग व्हता."

आबा विचारात पडले. त्यांनी कान खाजवला. मग ते जे बोलले ते समजावून सांगायला मला वर्गात दोन तास लागतात. "पन पोरी, तुन्हं बी काय चुकनं! आज आखाजी शे. बठ्ठा खान्देशमा निंबखाले डाव चालू शेतस. कोनले ना कोनले तीन एक्का येतीनच. त्यामा काय नवल?"

मी आनंदानं जवळजवळ ओरडलेच, "हाईच! हाईच, आबा!" आलेखावर शेकडो ठिकाणी बघितलं की कुठेतरी एखादं टेकाड आपोआप उगवणारच. जळगावच्या सभागृहात कुणाला न लागलेली गोष्ट इथे निंबाखाली पत्तेवाल्यानं आपणहून उचलली होती. त्या क्षणी मला वाटलं, माझ्या आयुष्यातलं हे सगळ्यात चांगलं व्याख्यान.

आणि तेवढ्यात दगा आबांना त्यांचा टोमणा सापडला. ते नानांकडे वळले. नारळ त्यांनी तळहातावर आडवा ठेवला, नानांसारखा. डोळे मिटून दोन पावलं चालून दाखवली.

"मग ह्या नानाना नारय बी आसाच शे का, पोरी? दहा वावरमा उभा ऱ्हास, एक वावरमा पानी लागस, आनि आम्ही तेच याद ठेवतस?"

सगळा पार हसला. झोक्यावरच्या मुलीही हसल्या. नानाही हसले, टोपी सारखी करत. आबांनी मिटलेला डोळा एक उघडून माझ्याकडे बघितलं. ते थट्टा करत होते. मीही थट्टेनं उत्तर देऊ शकले असते. "आबा, तुमनी हीर नानास्नीच दखाडेल शे ना," एवढी त्यांच्या विहिरीची आठवण दिली असती तरी पुरलं असतं. पण मी अजून त्या आनंदात होते. समोरच्यांनी बरोबर प्रश्न विचारला की बरोबर उत्तर द्यायचं, ही सवय हाडात मुरलेली.

मी म्हटलं, "कोनी मोजेल नई, आबा. मोजं तर समजी." कुणी मोजलेलं नाही, मोजलं तर कळेल.

नानांनी हळूच गुडघ्यांवरचे हात काढले. उठले. पारामागच्या बोळातून घराकडे चालू लागले. अनवाणीच, चपला सतरंजीच्या कडेला राहिल्या. लोकांना वाटलं पाणी प्यायला गेले. हशा संपायच्या आत डाव पुन्हा सुरू झाले. मी नानांच्या चपला हातात घेऊन घरी आले. त्या उन्हानं तापल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी मला फाट्यावर सोडायला भाऊ आला.

त्यानंतर सहा महिने रविवारचा फोन आईशीच संपायचा. "नाना गोठ्यात आहेत." "नाना आत्ताच बाहेर गेले." मागून त्यांचं खाकरणं मला ऐकू यायचं. भावाकडून कळलं, की नानांनी नारळ हातात घेणं सोडलं. माणसं यायची, मोटारसायकल दारात थांबायची, नाना आतूनच सांगायचे, पाय दुखतो.

मी त्या दिवसाचा खूप विचार केला. मी खोटं बोलले नव्हते. कुणी मोजलं नव्हतं, हे खरंच होतं. आमच्या भागातल्या काळ्या खडकात भेगांमधून पाणी हिंडत असतं. कुठेही खोल खणलं तर कधी लागतं, कधी लागत नाही. नारळाला काही कळतं का, हे ठरवायचं तर नारळानं न दाखवलेल्या जागाही खणून बघाव्या लागतील. हे सगळं मला पाठ होतं. पण "अठे शे" ऐकून बांधावरून जो श्वास सुटायचा, तोही मी ऐकलेला होता. माणसं नानांकडून पाण्याबरोबर आणखी काहीतरी घेऊन जात, खणायला हात घालण्याची हिंमत म्हणा. ते कुठल्या आलेखावर मांडायचं? आणि खरं बोलताना मी त्यांच्याकडे का बघितलं नाही? व्याख्यान देणारा माणूस पहिल्या रांगेपलीकडे बघतो, तशी मी बघत होते.

दिवाळीनंतरच्या एका रविवारी आईशी बोलत असताना फोन मध्येच दुसऱ्या हातात गेला. श्वास ओळखीचा होता.

"कागद शे का?"

"शे, नाना."

"लिखी ले. नालाकाठनी चिंच, तिन्हाखाले. तीस हात. काया पत्थर. कोरडी."

मी लिहिलं. काही कळत नव्हतं, पण लिहिलं.

"भवानीनी टेकडी, उगवतीले. पन्नास हात. कोरडी. लिखं?"

"लिखं. नाना, हाई काय शे?"

"मी मोजाले लागनू, माय," ते म्हणाले. आणि फोन आईकडे दिला.

पुढच्या रविवारी आणखी दोन. त्याच्या पुढच्या रविवारी एकच, पण तिच्याबद्दल ते बराच वेळ बोलले. खणणाऱ्याचं नाव, त्याची बायको भाकरी घेऊन यायची ती वेळ, कितव्या दिवशी पहार बोथट झाली. नारळ तिथे कसा ताठ उभा राहिला होता, तेही. चाळीस वर्षं त्यांनी हे कुणाला सांगितलं नव्हतं, आणि एकही विसरले नव्हते. मी एक वही केली. एकदा न राहवून विचारलं, की ज्या विहिरींना पाणी लागलं त्या कधी सांगणार? दोन्ही बाजू मोजल्याशिवाय गणित होत नाही.

"पानी लागनं त्या हिरी बठ्ठा गावले माहीत शेतस," ते म्हणाले. "कोरड्या फक्त माले माहीत शेतस."

मी खिडकीशी उभी होते. बाहेर परक्या देशातलं धुकं होतं, आणि कानात वैशाखातल्या ढेकळांचा आवाज. माझी सगळी वर्षं जिथे काही सापडलं नाही अशा जागा नीट लिहून ठेवण्यात गेली होती. इतक्या वजनाचा कण नाही, इतक्या वजनाचा नाही, इथवर बघितलं, इथेही नाही. आमचे बहुतेक शोधनिबंध असेच असतात, आणि ते कुणाला समजावून सांगायची मला लाज वाटायची. म्हणून मी सापडलेल्या कणांची रंगीत चित्रं दाखवत फिरत होते. नानांनी "सापडनं का" विचारणं त्या हिवाळ्यात सोडून दिलं. त्याऐवजी विचारायचे, "आते कथा दखी राह्यनात?" आता कुठे बघताय? मी सांगायचे. ते हुंकार द्यायचे. मग म्हणायचे, "लिख."

माघात ते गेले. झोपेतच, सकाळच्या थंडीत. यादी पुरी झाली होती की नाही, मला माहीत नाही. त्यांना विचारायचं राहिलं. मी पोचले तेव्हा दगा आबा अंगणात बसून होते.  ते तीन दिवस येऊन तसेच बसत होते.

आखाजीनंतरच्या दिवशी, म्हणजे परवा, सकाळी बिबड्या उलटत असताना खालून हाक आली. शेजारच्या गावच्या एक बाई होत्या, पन्नाशीच्या, पायांवर गुडघ्यापर्यंत धूळ. चालत आल्या होत्या. आईनं त्यांना पाणी दिलं. त्यांनी पिशवीतून नारळ काढून माझ्यापुढे ठेवला.

"नाना गयात ते ऐकं. पन त्यास्नी आंडेर उनी शे म्हने. म्हनीसन मी उनी. मन्हा वावरमा जागा दखाडी दे, माय."

"माले येत नई, मावशी. मी ते काम करत नई."

"तू बी जमीनखालेच दखस ना?"

मी हसून पुढे जाणार होते. मग उठले, आतून वही आणली, आणि त्यांच्या शेजारी जमिनीवर बसले. त्यांचं शिवार कोणतं ते विचारलं. त्या शिवारातल्या चार विहिरी वहीत होत्या. कुठे, किती हात, कसला खडक लागला, एकेक वाचून दाखवली. नानांनी तिथे "आहे" म्हटलं होतं आणि नव्हतं, हेही सांगितलं. बाई ऐकत राहिल्या. बोटानं जमिनीवर काहीतरी आखत होत्या. तो त्यांच्या वावराचा बांध असावा. एका जागेशी त्यांचं बोट थबकलं.

"अठेच खंदाना इचार व्हता मन्हा," त्या म्हणाल्या. मग बोट उचलून, "आनि शे कोठे?"

"ते नानास्नी लिखेल नई, मावशी. कोठे नई तेवढंच शे."

मला वाटलं आता त्या नारळ उचलतील आणि जातील. त्यांनी पदरानं मान पुसली. गच्चीवरून आई कुणाशीतरी बोलत होती. समोरच्या झाडाला आदल्या दिवशीचा झोका तसाच होता.

"चाली," त्या म्हणाल्या. चालेल. "इतलं बी कोन सांगस?" आणि माझ्याकडे सरकून वहीवर वाकल्या. "माले वाचता येत नई. परत सांग, धीरेधीरे."

मी पान मागे उलटलं आणि पहिल्या विहिरीपासून पुन्हा वाचू लागले.